पत्ता आत लिहिणारे सर

एंटरचं बटण दाबायच्या आधी सर दोन्ही हात मांडीवर ठेवायचे. स्क्रीनवर लिहिलेली ओळ आधी शेवटाकडून सुरुवातीकडे वाचायचे, एकेक अक्षर, ओठ हलवत. मग सुरुवातीकडून शेवटाकडे. मग चष्मा पुसायचे. एवढं झालं की उजव्या हाताचं एक बोट पुढे यायचं आणि तापलेल्या तव्याला लावावं तसं बटणाला लागून मागे जायचं. मी त्यांच्या हाताखाली लॅब असिस्टंट म्हणून लागले तेव्हा पहिला आठवडाभर मला वाटत होतं, यांना टायपिंग येत नसावं.

हिंगोलीबाहेर माळावर आमचं कॉलेज. कॉम्प्युटर लॅबचे ते इनचार्ज. पन्नाशी ओलांडलेले, अंगानं बारीक, उन्हाळ्यातही शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत लावलेल्या. मूळचे वसमतचे. वडील घड्याळं दुरुस्त करायचे. दुरुस्त झालेलं घड्याळ ते गिऱ्हाइकाला लगेच देत नसत, तीन दिवस दुकानातल्या खिळ्याला टांगून ठेवत आणि रोज येता-जाता कान लावत, असं सर सांगायचे. सरांकडे ती सवय आली होती, फक्त कान लावायला घड्याळ नव्हतं. ते मशीनला कान लावायचे. खरोखर लावायचे. सकाळी आल्यावर कोपऱ्यातल्या जुन्या मशीनजवळ वाकून पंख्याचा आवाज ऐकायचे आणि आवाज कालच्यासारखाच आहे असं पटल्यावरच डबा कपाटात ठेवायचे.

पोरं त्यांना पाठीमागे 'सांभाळून सर' म्हणत. चहा घ्या, सांभाळून. दार लावा, सांभाळून. एकदा प्राचार्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा देतानासुद्धा ते सांभाळून म्हणाले होते, असं शिपाई सांगायचा. शुक्रवारी दुपारी नमाजला निघताना ते जुन्या मशीनचा कीबोर्ड काढून लोखंडी कपाटात ठेवत आणि किल्ली सोबत नेत. मी एकदा हसून विचारलं, तर म्हणाले, मी तिकडं उभा आणि इकडं कुणी हात लावला, तर माझं मन दोन्हीकडं राहायचं न्हाई, बाई.

एका शब्दावर त्यांचा राग होता. 'चालतंय' हा तो शब्द. एखाद्या पोरानं प्रोग्राम दाखवून "सर, चालतंय" म्हटलं की ते अस्वस्थ व्हायचे. कुठं चालतंय, कोणासाठी चालतंय, तू उठून गेल्यावर चालंल का, असं विचारत सुटायचे. 'चाललं' म्हणा, असं त्यांचं म्हणणं. एकदा चाललं, एवढंच आपल्याला माहीत असतं. पुढचं कुणी पाहिलंय?

ही भीती कशातून आली असेल याबद्दल स्टाफरूममध्ये बऱ्याच गोष्टी होत्या. कुणी म्हणे, पुण्यात नोकरीला असताना यांच्या हातून काहीतरी मोठं बिघडलं. कुणी म्हणे, धाकटा भाऊ शॉक लागून गेला. एकदा चहा पिताना मी सरळ विचारलं. त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "काही झालेलं न्हाई, बाई. आजपर्यंत काहीच झालेलं न्हाई. म्हणूनच." मी ते चेष्टेवारी नेलं. तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते आणि झपझप टाइप करायचे.

कोपऱ्यातल्या ज्या मशीनला ते कान लावायचे, त्याच्यावर एक काम चालायचं. कुरुंद्याच्या अलीकडे माझं माहेर आहे. गावाला लागून ओढा, ओढ्यावर बुटका पूल, आणि गावातली निम्मी शेतं पुलापलीकडे. या ओढ्याची एक खोड आहे. पाऊस वर, डोंगराच्या अंगाला पडतो, आणि खाली गावात ऊन असतं. तासाभरात पाणी येतं ते उभं येतं. म्हणून कॉलेजनं काही गावांसाठी एक व्यवस्था केली होती. वरच्या बाजूला तीन ठिकाणी पाऊस मोजायची यंत्रं, पुलाला पाण्याची पातळी मोजायचं एक. दर पंधरा मिनिटांनी आकडे या मशीनकडे यायचे. एक प्रोग्राम त्यांचा हिशेब करून पुलावर किती पाणी येईल ते सांगायचा, आणि पातळी तीन मीटरच्या वर जाणार असेल तर गावकऱ्यांच्या फोनवर निरोप जायचे आणि ग्रामपंचायतीवरचा भोंगा आपोआप वाजायचा. प्रोग्राम एका निवृत्त इंजिनीअरनं लिहिला होता. तो नीट चालू ठेवणं हे सरांचं काम. आणि त्यांचं एवढं भिणं बघून मला मधूनमधून वाटायचं, ही व्यवस्था एखाद्या बेफिकीर माणसाकडे असती तर आम्ही सगळे जरा निवांत असतो.

त्या वर्षी पावसाळ्यात त्या इंजिनीअरनं प्रोग्राम नव्यानं लिहून दिला. त्यात चौथं यंत्र धरलं होतं, अगदी ओढ्याच्या उगमाजवळचं. म्हणजे इशारा अर्धा तास आधी मिळणार. पण नवा प्रोग्राम आमच्या मशीनवरच्या जुन्या कंपायलरला समजेना. कंपायलर म्हणजे माणसानं लिहिलेला प्रोग्राम मशीनला चालवता येईल अशा रूपात आणणारा दुभाषा. आमचा दुभाषा म्हातारा होता, नवी भाषा त्याला कळत नव्हती. अख्खं मशीन नवं करावं तर यंत्रांचे आकडे घेणारं कार्ड जुन्या सिस्टीमशिवाय चालत नव्हतं. मग एकच वाट उरली: नवा कंपायलर मूळ सोर्सपासून, म्हणजे त्याच्या लिहिलेल्या मजकुरापासून, आपणच बांधायचा आणि मशीनवर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायचा, जुन्याला धक्का न लावता.

ते बांधकाम मी पाहिलं. सकाळी साडेसातला सरांनी सुरुवात केली. असा कंपायलर स्वतःला तीनदा बांधतो. आधी जुन्याच्या मदतीनं, मग जे तयार झालं त्याच्या मदतीनं, मग पुन्हा त्याच्या. शेवटी दुसरा आणि तिसरा अक्षर न् अक्षर एकसारखे आहेत का हे ताडून बघतो. सरांना हे इतकं आवडायचं की सांगताना आवाज हळवा व्हायचा. आपल्यावरच भरवसा ठेवत न्हाई बघा, म्हणायचे, असा माणूस मला भेटला न्हाई अजून. त्या दिवशी दोनदा लाईट गेली. दोन्ही वेळा सर इन्व्हर्टरच्या डब्यावर हात ठेवून उभे राहिले, आजारी माणसाच्या छातीवर ठेवावा तसा. संध्याकाळी पाचला तो तयार झाला, तीन बांधण्या पूर्ण, ताडणी बरोबर. मी म्हटलं, झालं. ते म्हणाले, खरं काम आता हाय.

ते खरं काम म्हणजे पत्ता. त्यांनी मला कागदावर चित्र काढून समजावलं होतं. कंपायलरनं तयार केलेल्या प्रोग्रामच्या पोटात सगळं सामान नसतं. बरंचसं सामान लायब्ररी नावाच्या फायलींमध्ये बाहेर असतं, आणि प्रोग्राम सुरू होतो त्या क्षणी तो ते शोधायला जातो. कुठे शोधायचं? मशीनच्या ठरलेल्या जागी. तिथे आमच्याकडे जुनं सामान होतं. नवं सामान नव्या फोल्डरमध्ये, आणि तिकडे कुणी बघणार नव्हतं. त्यावर दोन उपाय. एक, आपण बसलो आहोत तेवढ्यापुरतं मशीनवरच्या आपल्या लॉगिन खात्यात लिहून ठेवायचं की शोधताना या फोल्डरमध्येही बघ. हा उपाय एका ओळीचा. दुसरा, कंपायलरलाच शिकवायचं की तू जो प्रोग्राम बांधशील त्याच्या आतच हा पत्ता लिहीत जा. याला आरपाथ म्हणतात. तो किचकट, एक अक्षर चुकलं तर पत्ता वेगळाच होतो. सर पहिल्या उपायाला उपाय मानतच नव्हते.

"पत्ता तुमच्या खिशात ठेवून काय उपयोग?" ते म्हणाले. "तुमी उठून गेल्या की पत्ताबी गेला. जे चालायचंय त्याच्या आत लिहा."

पण दुसऱ्या दिवशी त्यांना नांदेडला जायचं होतं, उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायला. तारीख आधीच दोनदा पुढे ढकलली होती, त्यांच्या बायकोनं या वेळी ऐकून घेतलं नाही. जाताना ते मला सांगून गेले की नवा कंपायलर तसाच राहू द्या, पत्त्याचं काम आल्यावर करू, तोवर जुना प्रोग्राम चालू आहे तो चालू द्या. आणि हात लावू नये, असा कागद मशीनवर चिकटवून गेले.

मी हात लावला.

का लावला, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. भाद्रपदातले दिवस होते. आभाळ रोज भरून यायचं. माझी आई, दादा, वहिनी त्या ओढ्याच्या काठी, आणि इथे अर्धा तास आधी इशारा देणारा प्रोग्राम तयार पडलेला, केवळ एका भित्र्या माणसाच्या सुट्टीमुळे. मला वाटलं, यांची भीती माझ्या घरावर बेतणार. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी नव्या कंपायलरनं प्रोग्राम बांधला. सुरू केला तर लायब्ररी सापडत नाही असं म्हणाला. मी माझ्या खात्यात ती एक ओळ लिहिली. पुन्हा सुरू केला. चालला. चार यंत्रांचे आकडे आले, पुलाची पातळी आली. मी जुना प्रोग्राम काढून त्याच्या जागी नवा ठेवला आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला आल्या आल्या पुन्हा एकदा हातानं चालवून बघितला. सव्वा मीटर. चालतंय.

एक वाजता दादाचा फोन आला. वरच्या अंगाला लई अंधारून आलंय आणि ओढ्याचं पाणी जरा गढूळ दिसून राहिलंय, असं तो म्हणत होता. वहिनी आणि आणखी पाच बायका पलीकडे हळदीत निंदायला गेल्या होत्या. त्यांनीही शेतातून हाक मारून विचारलं होतं, येऊ का म्हणून. तिकडं तुझ्या यंत्रात काय दिसतंय, असं त्यानं विचारलं.

मी मान वळवून स्क्रीनकडे बघितलं. सव्वा मीटर.

"पातळी हाय तेवढीच हाय, दादा," मी म्हटलं. "नवीन यंत्रबी जोडलंय आता, एकदम वरचं. काही असतं तर दिसलं असतं. होऊ दे त्यांचं काम."

फोन ठेवून मी डबा खाल्ला. हेही खरं आहे, मी निवांत डबा खाल्ला.

दीडच्या पुढे लॅबचं दार उघडलं आणि सर आत आले. उजव्या डोळ्यावर हिरवी पट्टी, वर काळा चष्मा. नांदेडहून सुट्टी मिळाली ती थेट एसटीनं आले होते, आणि औंढ्याच्या अलीकडे खिडकीतून दक्षिणेला आभाळ बघून घरी जायच्या ऐवजी रिक्षा कॉलेजकडे वळवली होती. मागे त्यांची बायको, हातात औषधांची पिशवी, चेहऱ्यावर संताप. ती बाहेर बाकावर बसली. सरांनी मशीनला कान लावला नाही. मला विचारलं, पुलाचं काय. मी सांगितलं, सव्वा मीटर.

"आकडा नका सांगू," ते म्हणाले. "वेळ सांगा. किती वाजताचा आकडा हाय?"

आकड्याच्या खाली बारीक अक्षरांत वेळ असायची. ती मी कधी वाचत नव्हते, दर पंधरा मिनिटांनी बदलणारी वेळ कोण वाचतं? मी वाकून वाचली. दहा वाजून पाच मिनिटं.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेदोन होत होते.

सर हळू आवाजात म्हणाले, "दहा पाचला ते मशीननं आपलं आपण चालवलं, का तुमी?" मीच, मी म्हटलं. दर पंधरा मिनिटांनी प्रोग्राम मशीन स्वतः सुरू करत होतं, माझ्या खात्यातून नाही. माझ्या खात्यातली ओळ त्याला माहीत नव्हती. कालपासून दर पंधरा मिनिटांनी तो उठत होता, लायब्ररी शोधत होता, सापडत नाही म्हणून पडत होता. पडल्याची नोंद एका फायलीत जमत होती, जी कुणीच उघडत नव्हतं. मधे फक्त दोनदा तो नीट चालला होता, मी स्वतः बसून चालवला तेव्हा. आणि त्यातला एक आकडा मी दादाला सांगितला होता.

मी कीबोर्डकडे झेपावले. सरांनी माझं मनगट धरलं. आधी ते नाही, म्हणाले. त्यांनी खिशातून फोन काढला, डोळा बारीक करून ग्रामपंचायतीच्या शिपायाचा नंबर लावला आणि सांगितलं की भोंगा आत्ता हातानं वाजव, मी कोण आहे ते नंतर विचार, आधी वाजव. फोन बंद न करता कानाला लावून उभे राहिले. थोड्या वेळानं फोनमधून भोंग्याचा आवाज मला ऐकू आला, पत्र्यावरून खरवडत यावा तसा. मग ते मला म्हणाले, घरी लावा. दादाचा फोन लागेना. पुन्हा लावला, लागेना. वहिनीकडे फोन होता, तो घरात चार्जिंगला असायचा. आईनं उचलला आणि एवढंच म्हणाली की सगळे पुलाकडं पळालेत. मग तोही कटला.

मला तिथून निघून जायचं होतं. गाडी काढून गावाकडे. सर म्हणाले, तुमी पोचेपर्यंत जे व्हायचं ते झालेलं असंल, पण खाली अजून दोन गावं हायत, त्यांच्याकडं पाणी पोचायला तास हाय. बसा. मला दिसत न्हाई, मी सांगतो, तुमी लिहा.

मी बसले. ते माझ्या खांद्यामागे उभे राहून सांगत होते. पत्ता, फोल्डरच्या नावासकट, एकेक अक्षर. मी घाईघाईत टाइप करत होते. ओळ पूर्ण झाल्यावर मी एंटर दाबणार, तर ते म्हणाले, उलटी वाचा.

"सर, वेळ नाही."

"वेळ न्हाई म्हणूनच."

मी वाचली. रडत, शेवटाकडून, एकेक अक्षर. फोल्डरच्या नावात एक आकडा मी चुकीचा मारला होता. सरळ वाचताना तो मला दिसला नव्हता. दुरुस्त केला. त्याच वेळी सरांची बायको आत आली, दर तासाला डोळ्यात घालायच्या थेंबाची वेळ झाली म्हणून. तिनं पिशवीतून बाटली काढली. त्यांची हनुवटी धरून मान मागे केली, पट्टी उचलून थेंब टाकला, आणि तसंच छताकडे बघत सर पुढची ओळ सांगत राहिले.

प्रोग्राम पुन्हा बांधला गेला. मी तो चालवून बघणार, तर ते म्हणाले, तुमच्या खात्यातून न्हाई. आधी तुमची ती ओळ पुसा. मग ज्याला कुणाचाच काही पत्ता माहीत नाही अशा रिकाम्या जागेतून त्याला उठवा. मी उठवला. तो उठला. चारही यंत्रांचे आकडे ओळीनं आले आणि खाली पुलाची पातळी आली. तीन मीटर चाळीस. एका मिनिटात खालच्या गावांना निरोप गेले.

मग आम्ही बसून राहिलो. सव्वादोनपासून साडेचारपर्यंत. दर पंधरा मिनिटांनी आकडा बदलत होता आणि प्रत्येक वेळी मी आधी वेळ वाचत होते. तीन साठ. तीन नव्वद. चारच्या वर गेला तेव्हा मी बघणं सोडलं. सर बघत राहिले, एका डोळ्यानं. त्यांच्या बायकोनं पिशवीतून बिस्किटं काढून माझ्यापुढे ठेवली, ती तशीच राहिली. माझ्या डोक्यात एकच चालू होतं, होऊ दे त्यांचं काम, होऊ दे त्यांचं काम.

साडेचारला दादाचा फोन आला. त्याचा आवाज बसलेला होता. सगळ्या हायत, म्हणाला.

नंतर कळलं ते असं. मी फोनवर सांगितलेलं दादानं पुलावरून ओरडून बायकांना सांगितलं होतं की हिंगोलीहून निरोप आहे, पाणी वाढत नाही. त्या शेवटच्या दोन सऱ्या संपवायला थांबल्या. भोंगा वाजला तशा पळाल्या. पुलावर तेव्हा गुडघाभर पाणी होतं. चौघी पार झाल्या. मागे वहिनी होती आणि तिच्याबरोबर आमची म्हातारी चुलती. चुलती घसरली, वहिनीनं तिला धरली, आणि दोघी पुलावर पाय ठेवायच्या आधीच पाण्यात ओढल्या गेल्या त्या काठच्या बाभळीला अडकल्या. छातीभर पाण्यात वहिनी दोन तास उभी होती, एक हात बाभळीला, एक हात चुलतीच्या कमरेला. गड्यांनी दोर टाकून काढलं. चुलतीचं खुब्याचं हाड मोडलं, ती पुन्हा सरळ चालली नाही. खालच्या दोन गावांत माणसं वेळेवर वर निघाली.

दुसऱ्या दिवशी सरांनी रिपोर्ट लिहिला, हातानं. मला वाटलं होतं, एकतर ते सगळं माझ्यावर घालतील, नाहीतर सगळं स्वतःवर घेतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. सांगितलेलं नसताना असिस्टंटनं प्रोग्राम बदलला, हे लिहिलं. मी काम अर्धं सोडून गेलो आणि ते अर्धंच का धोक्याचं आहे हे तिला सांगितलं नाही, फक्त हात लावू नये असा कागद चिकटवला, हेही लिहिलं. आकडा जुना झाला तर स्क्रीन काळी व्हावी, अशी सोय मी आधीच करायला हवी होती, असं तिसरं. आम्हा दोघांनाही मेमो मिळाले. मी राजीनामा लिहून नेला तेव्हा त्यांनी तो वाचला, परत दिला आणि म्हणाले, तुमी गेल्यावर इथं कुणीतरी नवीन येईल, ज्याला भीती वाटत न्हाई.

मग काही दिवसांनी त्यांनी विचारलं, "ऑफिसला सांगून झालं. घरी कोण सांगणार?"

मी घरी सांगितलं नव्हतं. दादाला माहीत होतं, त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. वहिनीला एवढंच ठाऊक होतं की हिंगोलीहून कुणीतरी चुकीचा निरोप दिला. मी तिला दवाखान्यात भेटले होते, तिच्या अंगावरचे बाभळीच्या काट्यांचे ओरखडे बघितले होते, आणि न सांगताच परत आले होते. सर म्हणाले, रविवारी मी येतो, मला तसाबी पूल पाहायचाय.

एसटीनं आलो. डोळ्याची पट्टी निघाली होती, काळा चष्मा होता. गावात आल्यावर त्यांनी आधी पुलाच्या कठड्यावरची चिखलाची खूण टेपनं मोजली, मग बाभळीवरची. वही काढून लिहिलं. ज्या चार बायका पार झाल्या त्यांना एकेकीला गाठून विचारलं की पाणी तुमच्या कुठवर होतं, भोंगा ऐकला तेव्हा तुम्ही नेमक्या कुठल्या सरीत होता. बायका आधी लाजल्या, मग खुणा करून दाखवू लागल्या. शेवटी आम्ही घरी येऊन ओसरीवर बसलो. वहिनी सुपात डाळ निवडत होती. मी सांगितलं. सगळं सांगितलं, डब्यासकट.

वहिनीची बोटं थांबली नाहीत. एक खडा काढला, बाहेर टाकला. मग म्हणाली, "ताई, पाण्यात उभी व्हते तवा मला येकच आधार वाटून राहिला व्हता. तिकडं आपलं माणूस बसलंय, ते पाहत असंल."

अजूनही त्या वाक्यापुढे माझं काही चालत नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

सर चष्मा काढून पुसत होते. वहिनीनं त्यांच्याकडे वळून विचारलं, पाणी पुन्हा येईल का, सर. दादा म्हणाला, आता सगळं दुरुस्त केलंय त्यांनी, तू काहून घाबरतीस? पण वहिनी सरांकडेच बघत होती.

"येईल, भाभी," सर म्हणाले. "यंत्र आपलं आपण चालावं, असं करून ठेवलंय. पण चालंलच, असं मी म्हणणार न्हाई. मला रोज भीती वाटती. सकाळी उठल्या उठल्या वाटती."

वहिनीनं सूप बाजूला ठेवलं, पदरानं हात पुसले.

"मंग ठीक हाय," ती म्हणाली, आणि त्यांच्यासाठी चहा ठेवायला आत गेली.